तीन नकार

अनारकान एजेच्या, म्हणजे अनारकानताईच्या, घरी आलेल्या पाहुण्याने "नको" म्हटलं तर ते कोणी मनावर घेत नसे. नारिन गावात कुठल्याच घरी घेत नाहीत. पहिला नकार रीत म्हणून, दुसरा संकोच म्हणून आणि तिसरा पोट खरोखर भरलं म्हणून. पण तिसऱ्या नकारानंतरही चांगली गृहिणी वाडग्यात पळीभर रस्सा ओततेच, आणि पाहुणाही तो पितोच. एजेची सासू या बाबतीत फार कडक होती. "पाहुणा उपाशी उठला तर दोष पाहुण्याचा नाही, तुझ्या जिभेचा," असं ती सुनेला सांगायची. सासू जाऊन अकरा वर्षं झाली, पण एजेची जीभ तिच्याच धाकात राहिली.

हाच धाक ती तोपोजच्या बाबतीतही पाळायची, आणि त्यातूनच सगळं घडलं.

तोपोज म्हणजे याक. वाचनालयाच्या मागच्या खोलीत पावाच्या पेटीएवढं जे यंत्र घरघरत असायचं, त्याचं हे नाव एजेनेच ठेवलेलं. थंडी पडली की त्याला हुरूप यायचा आणि उन्हाळ्यात ते धापा टाकायचं, म्हणून. त्याचं काम सांगायला सोपं होतं. जगात कुठेतरी कुणीतरी मोफत वाटायचे प्रोग्रॅम लिहितं, त्यात सुधारणा करतं. तो लिहिलेला मजकूर तोपोजकडे येई. तोपोज तो आपल्या जातीच्या कॉम्प्युटरला पचेल असा बांधी, बांधून झाल्यावर त्याच्या चाचण्या घेई, आणि सगळं ठीक निघालं तर त्याचं गाठोडं, म्हणजे पॅकेज, जगभरच्या लोकांसाठी पुढे पाठवी. हे सगळं आपोआप चाले. पण आपोआप चालणाऱ्या गोष्टीमागेही कुणीतरी बसलेलं लागतं. तोपोजमागे अनारकान एजे बसायची. बिनपगारी, आपखुशीने, आठ वर्षं.

तिने हे काम अंगावर घेतलं त्याला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी त्या प्रोग्रॅमवाल्यांनी जाहीर केलं होतं की या जुन्या जातीच्या कॉम्प्युटरसाठी पॅकेजं बांधायचं आता बंद करू, कारण ते यंत्र सांभाळायला कोणी पुढे येत नाही. आणि नेमके त्याच जातीचे जुने डबे कोक-झार खिंडीतल्या बर्फाच्या चौकीत बसवलेले होते. वरच्या उतारावर नऊ खांब. प्रत्येक खांब बर्फाचा दाब आणि हादरा मोजून खाली डब्याला सांगतो. डबा बेरीज करतो. बेरीज हद्दीबाहेर गेली की फाटकावरचा दिवा लाल होतो आणि भोंगा वाजतो. त्या फाटकाच्या पलीकडे रस्त्यावरचा बर्फ ढकलायला बुलडोझर घेऊन कोण जातो, तर अनारकान एजेचा नवरा, तोक्तोसुन. एजेने फ्रुंझेला, म्हणजे आताच्या बिश्केकला, ऐन तारुण्यात कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं होतं. नंतर बावीस वर्षं हवामान कचेरीत आकडे उतरवले. तिने हात वर केला. पोर्तुगालमधल्या दुआर्ते नावाच्या माणसाने, तोही बिनपगारीच, तिला यंत्र धाडलं आणि काम शिकवलं.

एखादं पॅकेज चाचणीत नापास झालं की तोपोज घडलेल्या कामाची ओळीन्-ओळ नोंद पाठवी. ती नोंद वाचून सांभाळणाऱ्याने ठरवायचं: दोष पॅकेजचा की यंत्राचा? पॅकेजचा असेल तर लिहिणाऱ्याला कळवायचं. यंत्राचा असेल तर पॅकेज पुन्हा रांगेत लावायचं. त्यासाठी एकच बटण होतं. आता नारिनचा हिवाळा म्हणजे विजेचा दाब दिवसातून दहादा खाली येतो. दहातले नऊ नकार तोपोजला चक्कर आली म्हणूनच असायचे. पहिली दोन-तीन वर्षं एजे प्रत्येक नोंद शेवटपर्यंत वाचायची. मग वरवर. मग नुसतं "नापास" दिसलं की ती बटण दाबून म्हणायची, "घे रे, आणखी थोडं घे." दुसऱ्या खेपेला तोपोज ते घ्यायचा.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी सकाळी नऊला ती वाचनालयात आली तेव्हा बर्फ पडायला लागून तिसरा दिवस होता. तोक्तोसुन पहाटेच खिंडीकडे गेला होता. ग्रंथपाल बात्मा, तिच्याच वयाची आणि शाळेपासूनची मैत्रीण, शेगडीपाशी बसून पुस्तकाला कव्हर घालत होती.

"आलीस? तुझा याक सकाळपासून हंबरतोय. मी म्हटलं त्याला, थांब बाबा, तुझी मालकीण चरबी वितळवतेय."

"चरबी नाही गं, बोर्सोक तळायचे होते. राहिलेच. घरचे तसेच उपाशी गेले."

नवऱ्याचं नाव एजे घेत नसे. तिच्या पिढीत ती पद्धत नव्हती. नवऱ्याला "घरचे", सासऱ्याला "मोठे घरचे", इतकंच.

पडद्यावर दुआर्तेचं पत्र होतं. एरवी तो आधी हवामान विचारायचा. आज नमस्कारही नव्हता.

"अनारकान, सेन्सरचे आकडे गोळा करणारं ते छोटं पॅकेज माझ्या यंत्रावर चारातून तीन वेळा नापास होतंय. तुझ्याकडे बारा दिवसांपूर्वी तीन वेळा नापास होऊन चौथ्यांदा पास झालेलं दिसतं. पहिल्या तीन नोंदी तू पाहिल्या होत्यास का? काही सापडलं असेल तर सांग."

बारा दिवसांपूर्वी. एजेने बोटं मोजली आणि तिला तो दिवस आठवला. धाकट्या नातवाच्या पायातला दोरा कापायचा सोहळा होता. पोर पहिली पावलं टाकायला लागलं होतं, घरात चाळीस माणसं होती, आणि ती एका हाताने समोवारची तोटी सोडून दुसऱ्या हाताने फोनवर तोपोजची रांग बघत होती. नापास. दाबलं. नापास. दाबलं. कुणीतरी म्हणालं, "एजे, दोरा कापायला कोण धावणार?" नापास. दाबलं. आणि मग हिरवी खूण आली तेव्हा ती मोठ्याने हसली होती, हे तिला आता स्पष्ट आठवलं. "आग्रहाला लाजला गं शेवटी," असं ती बात्माला म्हणाली होती.

तिने पहिली नोंद उघडली. खाली, अगदी शेवटाकडे गेली. मग दुसरी उघडली. मग तिसरी.

विजेचं काही नव्हतं. तीनही नोंदींत यंत्र ठणठणीत होतं. तीनही वेळा एकच चाचणी पडली होती, त्याच ओळीवर. त्या चाचणीत अनेक सेन्सर एकाच क्षणी बोलत. दोघांचे आकडे अगदी एका वेळी आले, तर हे पॅकेज एकाचा आकडा टाकून देई आणि त्याच्या जागी मागचाच, जुना, शांत आकडा बेरजेत धरी. तक्रार करत नसे. बेरीज ठीकच दिसे.

एजे पाहत राहिली. उतार गप्प असतो तेव्हा नऊ खांब आपापल्या पाळीने बोलतात. पण उतार सरकायला लागला, तर सगळे एकदमच बोलणार. म्हणजे डबा नेमका तेव्हाच बहिरा होणार.

आणि हे पॅकेज चौकीतल्या डब्यात कोणी बसवलं होतं? तिनेच. गेल्या रविवारी, स्वतः वर जाऊन, कोटाच्या खिशात पेन ड्राइव्हची एवढीशी पट्टी घेऊन. चौकीवाला जुमालि तेव्हा म्हणालाही होता, "चालतंय ते चालू द्या की, एजे." ती म्हणाली होती, "शिळं खाऊ नये." तो पुन्हा म्हणाला होता, "हिवाळा सरू द्या." त्यालाही तिने आग्रहच केला होता.

"काय झालं गं?" बात्माने विचारलं. "चेहरा पिठासारखा झालाय."

"फोन दे. चौकीचा नंबर भिंतीवर लिहिलाय, तो लाव. माझ्या बोटांना लागत नाहीये."

घंटी वाजत राहिली. चौकीत माणूस एकच असतो आणि त्याला अंगणातला बर्फही काढावा लागतो, हे तिला ठाऊक होतं. तरी अठराव्या घंटीपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर चौकी उरलीच नव्हती, नुसतं पांढरं होतं. बात्माने कव्हर खाली ठेवलं. शेगडीत कोळसा खचल्याचा आवाज झाला तर दोघी दचकल्या.

एकविसाव्या घंटीला फोन उचलला गेला.

"कोक-झार."

"जुमालि, मी एजे."

"एजे! आत्ताच तुमच्या म्हाताऱ्याने तुमच्या नावाने खडे फोडले. आज बोर्सोक नाहीत म्हणे. आमच्यातला अर्धा पाव दिला, तर म्हणतो, याला काय दात लागतात की कुऱ्हाड?"

"दिवा कुठला आहे?"

"हिरवा. कोवळ्या गवतासारखा. तुमच्याच डब्याची कृपा."

"त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. माणसं बाहेर काढ. आत्ता."

तिकडे खुर्ची करकरली. जुमालि चाळिशीचा, स्वभावाने गमत्या, पण नोकरीच्या बाबतीत फार जपून वागणारा माणूस होता. त्याला तीन मुली होत्या आणि चौकीची नोकरी त्याने बापाच्या मागे सात अर्ज करून मिळवली होती.

"एजे, नीट सांगा. काही हललं का? मला इथं काही दिसत नाहीये."

"डबा खोटं बोलतोय. सगळे खांब एकदम बोलले तर त्याला ऐकू येत नाही. मीच बसवलंय ते रविवारी."

"मग आज पुन्हा बदला की. या दुपारी."

"दुपारी नाही, जुमालि! किती माणसं आत आहेत?"

"सहा. पण ऐका ना माझं. पलीकडे ट्रकांची रांग लागलीय. कोळसा आहे, पीठ आहे. मोठ्या साहेबांनी सकाळी दोनदा फोन केला, बारापर्यंत रस्ता मोकळा पाहिजे. दिवा हिरवा असताना मी भोंगा वाजवला तर उद्या मला विचारतील, कुणाच्या हुकमाने? काय सांगू? एजेला वाईट स्वप्न पडलं?"

"सांग, एजेने चूक केली."

नारिनमध्ये, आणि वर खिंडीपर्यंत, कुणाचा टीव्ही बंद पडला, पेन्शनचा अर्ज अडला, पोराच्या परीक्षेचा निकाल उघडेना, की लोक अनारकान एजेकडे येत. तिच्या तोंडून हा शब्द जुमालिने कधी ऐकला नव्हता.

"कसली चूक?"

"त्या पॅकेजला तोपोज तीन वेळा नको म्हणाला होता."

"आणि तुम्ही?"

"मी आग्रह केला."

मग तिला एकदम सुचलं.

"तुझ्या वडिलांच्या काठ्या अजून आहेत का रे?"

"कुठल्या काठ्या?"

"उतारावरच्या. आर्चाच्या लाकडाच्या. ते रोज सकाळी दुर्बिणीतून बघायचे ना, सरळ रांगेत आहेत की नाहीत."

"असतील. डबे आल्यापासून कोण बघतंय?"

"बघ. एवढं एक ऐक. मग माझं काही ऐकू नकोस."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. ड्रॉवर ओढला गेला. जुमालिचं मांजर रिसीव्हरपाशी येऊन घुरघुरलं. एजेने डोळे मिटले, आणि मिटल्यावर तिला दिसला तो तोक्तोसुन, पिवळ्या बुलडोझरच्या खोलीत, कानटोपी वर सारून, रेडिओवरचं गाणं फुल्ल लावून, सुरात सूर मिसळणारा. तिने डोळे उघडले. बात्मा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

"एजे." जुमालिचा आवाज बदलला होता. "दहा होत्या. सहा दिसतात."

"बाकीच्या बुडाल्या असतील."

"चार बुडाल्या, खालच्या. तेवढं ठीक. पण वरच्या तीन वाकल्यात. उताराच्या बाजूला. तिन्ही एकाच कोनात." तो थांबला. "बाबा म्हणायचे, काठी वाकली की बर्फ चालायला लागला. पळायला नाही, चालायला."

"भोंगा, जुमालि."

"हो. हो."

आणि फोनमधून तो आवाज आला. आधी घरघर, मग वर वर चढत गेलेला. बात्माने कानावर हात ठेवले. एजेने ठेवले नाहीत. एरवी तिला हा आवाज सोसत नसे. आज तो थांबू नये असं वाटत होतं.

हाताने भोंगा वाजवल्यावर जुमालि दारात उभा राहून फाटकाकडे येणारी माणसं मोजायला लागला. मोजून मोजून ओरडून सांगत होता. एक. दोन. फावडं खांद्यावर घेतलेले दोघं एकदम, चार. मग बराच वेळ काहीच नाही. पाच.

"सहावा?" एजे म्हणाली.

"तोक्तोसुन बाइके राहिले. बुलडोझर घेऊन वळणापलीकडे गेलेत. त्यांना भोंगा ऐकू गेला नसणार. तो रेडिओ..."

"बिनतारीवर बोल ना त्यांच्याशी."

"दोनदा बोलावलं. ते ती खरखरते म्हणून बंद ठेवतात. तुम्हाला माहीतच आहे."

तिला माहीत होतं. त्यावरून घरात भांडणंही झाली होती.

"मी जातो चालत," जुमालि म्हणाला.

"नाही! तू नाही जायचं. कुणीही नाही जायचं." एवढ्या मोठ्याने ती कधी बोलली नव्हती. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचणाऱ्या म्हाताऱ्याने मान वर केली. "टोकाला गेले की वळतातच ते. वळल्यावर समोर फाटक दिसतं. हाताने लाल दिवा लाव आणि लावूनच ठेव. किती वेळ लागतो टोकापर्यंत?"

"बर्फ जास्त आहे. वीस मिनिटं. पंचवीस."

पंचवीस मिनिटं. अनारकान एजेने फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरला आणि दोन्ही हात कळफलकावर ठेवले. बसून राहिली असती तर तिच्या मनाने त्या पंचवीस मिनिटांत नवऱ्याची मयत उचलून, जेवणावळ घालून, चाळिसावाही करून टाकला असता. आणि दुसरंही होतं. ते पॅकेज फक्त कोक-झारला गेलं नव्हतं. या जातीचे डबे जगात आणखी कुठे कुठे, कुठल्या धरणावर, कुठल्या बोगद्यात बसलेत हे तिला ठाऊक नव्हतं. तिथेही कुणाची तरी माणसं हिरव्या दिव्याखाली काम करत असणार. तिची चूक त्यांच्यापर्यंत बारा दिवस आधीच पोचली होती.

आधी तिने ते पॅकेज थोपवलं. मग सगळ्यांना जाईल असं पत्र लिहिलं. एरवी एवढ्या पत्राला तिला तास लागे, शब्द शोधत बसे. आज शब्द शोधले नाहीत.

"हे पॅकेज बसवू नका. बसवलं असेल तर मागचं परत घाला, आणि त्याने दाखवलेल्या आकड्यांवर माणसांचा जीव टांगू नका. ते माझ्या यंत्रावर तीन वेळा नापास झालं. तीनही वेळा कारण खरं होतं. मी नोंदी न वाचता ते पुन्हा रांगेत लावलं. चौथ्या वेळी ते नशिबाने पास झालं. चूक यंत्राची नाही, पॅकेज लिहिणाऱ्याचीही पुरती नाही. अनारकान, नारिन."

पाठवलं. लगेच दुआर्तेचं एका ओळीचं उत्तर आलं: "इकडून काढतोय. तुझी माणसं?"

ती पुन्हा फोनकडे वळली.

"किती झाली?" तिने फोनमध्ये विचारलं.

"अकरा मिनिटं." जुमालिच्या मागे पाचही जण आत आले होते. बूट आपटल्याचे आवाज येत होते. कुणीतरी वैतागून म्हणालं, "दिवा हिरवा होता की! कुणाचा उद्योग हा?" दुसरा म्हणाला, "गप बस, एजे फोनवर आहे."

सोळा मिनिटं. अठरा. बात्माने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. वीस. एकोणतीसचा तिला भास झाला तेव्हा खरी बावीस झाली होती. तिच्या तोंडून हळूच निघालं, "तोक्तोसुन." बात्माने ऐकलं. चौतीस वर्षांच्या संसारात या बाईने ते नाव घेतलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. तिने तोंड फिरवलं आणि नुसतीच पुस्तकं सरळ करत राहिली.

सव्वीस मिनिटं होऊन गेली.

"दिसला!" जुमालि ओरडला. "पिवळं दिसलं! वळला, एजे, वळला! थांबला... बघतोय दिव्याकडे... अरे ये ना, गाढवा... आला! येतोय!"

बुलडोझरला फाटकापर्यंत यायला आणखी नऊ मिनिटं लागली. ती नऊ मिनिटं पहिल्या सव्विसांहून मोठी होती, कारण आता तो सगळ्यांना दिसत होता आणि उतार बरोबर त्याच्या डोक्यावर होता. मग फोनमध्ये खाकरण्याचा आवाज आला.

"काय गं? बोर्सोक तळून झाले म्हणून भोंगा वाजवलास होय?"

एजेने फोन बात्माच्या हातात दिला. बात्मा म्हणाली, "बाइके, बसा तिथंच. आणि तो रेडिओ फेकून द्या तुमचा." मग तीही रडायला लागली.

त्या दिवशी उतार हलला नाही. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले, काही झालं नाही. पलीकडचे ट्रकवाले फाटकाशी येऊन जुमालिच्या सात पिढ्या उद्धरून गेले. मोठ्या साहेबांनी वाचनालयात फोन केला आणि शांत, थंड आवाजात विचारलं, की रस्ता कॉम्प्युटरवाल्या बायका चालवणार असतील तर कचेरी कशाला हवी? एजे म्हणाली, "साहेब, चूक माझी आहे. लिहून देते. पण डबा दुरुस्त होईपर्यंत फाटक उघडू नका." संध्याकाळी तोक्तोसुन घरी आला आणि झोपला. तिलाही वाटायला लागलं, की कदाचित काठ्या नुसत्याच जुन्या झाल्या असतील. उद्या सगळं नारिन हसेल. हसू दे, असं तिने मनाशी म्हटलं, आणि तरी हसण्याची भीती वाटलीच. माणूस असाच असतो.

जुमालिने मात्र फाटक उघडलं नाही. चौकीच्या वहीत त्याने बापाच्या पद्धतीने लिहिलं: "काठ्या वाकल्या. रस्ता बंद." खाली सही केली. साहेबांना म्हणाला, नोकरी घ्या, पण सही माझी आहे. फाटकावर हाताने लावलेला लाल दिवा तसाच होता, पण डबा आणि डब्याचा आपला दिवा त्याने चालूच ठेवला होता. नवं काय करतंय ते बघू या, म्हणून.

शुक्रवारी सकाळी अकराला वाचनालयातला फोन वाजला. एजेने पहिल्याच घंटीला उचलला.

"आला, एजे," जुमालि म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "सगळा उतार आला. वळणापासून फाटकापर्यंत रस्ताच नाही. कुणी नव्हतं. कुणीच नव्हतं आत."

एजेने टेबलाची कड धरली.

"डब्याचा दिवा?"

तिकडे पावलं डब्याकडे गेली आणि परत आली.

"हिरवा. अजूनही हिरवाच आहे."

मोठ्या साहेबांनी नंतर चौकीवर येऊन जुमालिशी हात मिळवला. एजेला त्यांनी काही म्हटलं नाही, आणि तिनेही त्याची वाट पाहिली नाही. तिच्या पत्राला जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून उत्तरं आली. दोघांनी खडसावलं. बऱ्याच जणांनी लिहिलं, की आम्हीही न वाचताच पुन्हा दाबतो. या उत्तरांनी तिला बरं वाटायला हवं होतं. तिला आणखीच भीती वाटली. दुआर्तेला तिने लिहिलं, मला या कामावरून काढा. त्याने उत्तर दिलं, "आता तर तुला मुळीच सोडणार नाही." तिने पुन्हा लिहिलं, काढा. त्याने पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

चौकीच्या डब्यात जुनं पॅकेज परत घालायला ती त्याच शनिवारी वर गेली. जुमालिने तिला दुर्बीण दिली. नव्या दहा काठ्या त्याने रोवल्या होत्या, पांढऱ्यावर बारीक काळ्या. दोघांनी पाळीपाळीने मोजल्या.

त्या संध्याकाळी तिने कुउर्दाक केलं, मटण आणि बटाटे, तोक्तोसुनला आवडतं तसं, कांदा भरपूर घालून. त्याने एक वाडगा संपवला. तिने पळी उचलली.

"आणखी?"

"नको," तो म्हणाला.

तिने पळी खाली ठेवली.

तोक्तोसुन थांबला. वाडगा पुढे तसाच धरून. दोन दिवसांत बदललेल्या या बायकोकडे तो कपाळाला आठ्या घालून बघत राहिला.

"अगं, मी रीत म्हणून म्हटलं."

"मला आता कळत नाही हो," ती म्हणाली. "रीतीचं नको कुठलं आणि खरं कुठलं, मला कळत नाही."

तिचे हात मांडीवर होते आणि तिचा वाडगा अजून रिकामा होता. तोक्तोसुनने ते पाहिलं. मग तो पुढे सरकला, पळी स्वतः घेतली, आणि आधी तिच्या वाडग्यात वाढलं.

"खा," तो म्हणाला.

ती नको म्हणाली नाही.